विश्लेषण : लॅपटॉप एक, नावे अनेक! ‘रिब्रँडेड’ लॅपटॉप घेताना यंत्र पारखायचे की विक्रेता?

जर्मनीतील ऑग्सबर्गची टक्सेडो कॉम्प्युटर्स, त्याच देशातील लाइपझिगची शेंकर टेक्नॉलॉजीज आणि स्पेनची स्लिमबुक. कंपन्या तीन, किमती तीन, जाहिरातीही तीन तऱ्हेच्या. मात्र या तिघांनी २०२१-२२ च्या सुमारास विकलेले १४ इंची मॅग्नेशियमचे लॅपटॉप शेजारी ठेवले, तर पोर्टच्या जागा, कीबोर्डची मांडणी, बिजागरीची ठेवण सगळे जुळते. वेगळे असते ते झाकणावरचे नाव. कारण हे सांगाडे चीनमधील टाँगफांग या एकाच उत्पादकाकडून आलेले आहेत.

अशा लॅपटॉपला ‘रिब्रँडेड’ किंवा ‘व्हाइटबुक’ म्हणतात. अमेरिका आणि युरोपात गेमिंग, अभियांत्रिकी आणि लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये त्यांचा निष्ठावान ग्राहकवर्ग आहे. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांनाही ‘डेल-लेनोव्होपेक्षा हा बघ’ असा सल्ला हमखास मिळतो. मग प्रश्न पडतो, यंत्र तेच असेल तर स्वस्त देईल त्याच्याकडून का घेऊ नये?

नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा, हे नवे आहे का?

अजिबात नाही. जगातील बहुतेक लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन अशा तैवानी कंपन्या बनवतात. ॲपलचे मॅकबुकही क्वांटाच्या कारखान्यांतून बाहेर पडत आले आहेत. विस्ट्रॉन ही मुळात एसरमधून आणि पेगाट्रॉन ही असूसमधून वेगळी झालेली कंपनी. फरक एवढाच की, डेल किंवा एचपी स्वतःचा आराखडा ठरवतात, साचे त्यांच्यासाठीच बनतात आणि तो लॅपटॉप दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

रिब्रँडेड लॅपटॉपमध्ये आराखडाही कारखान्याचाच असतो. १९८३ मध्ये स्थापन झालेली तैवानची क्लेव्हो ही या धंद्यातील जुनी आणि मोठी कंपनी. तिचा कारखाना चीनमधील कुनशानला आहे. दुसरी टाँगफांग, बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठाशी नाळ असलेली. या कंपन्या झाकण, मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड, बॅटरी आणि पंखे बसवलेला अर्धा तयार लॅपटॉप विकतात. धंद्यात त्याला ‘बेअरबोन’ म्हणतात. तो जो घेईल त्याला. अमेरिकेत सेगर, सिस्टिम७६, इलुक्ट्रॉनिक्स, ब्रिटनमध्ये पीसीस्पेशालिस्ट, कॅनडात युरोकॉम, ऑस्ट्रेलियात मेटाबॉक्स, नेदरलँड्समध्ये नोव्हाकस्टम ही त्यांची गिऱ्हाइके. आज डेलच्या छत्राखाली असलेल्या एलियनवेअरनेही सुरुवातीच्या काळात क्लेव्होचे लॅपटॉप आपल्या नावाने विकले होते. डेलने ती कंपनी २००६ मध्ये घेतली.

मग रिसेलर नेमके काय करतो?

इथेच दोन रिसेलरमधील अंतर दिसू लागते. किमान काम म्हणजे ग्राहकाने निवडलेली रॅम, एसएसडी आणि वायफाय कार्ड बसवणे, ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे आणि खोक्यात भरणे. एखादा होतकरू पोरगा हे काम दिवसाला दहा लॅपटॉपवर करू शकेल. असे ‘पेचकस रिसेलर’ बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडून घेण्यात गैर काही नाही, फक्त त्यासाठी वरचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाला कोलोरॅडोतील डेन्व्हरची सिस्टिम७६. ही २००५ मध्ये सुरू झालेली कंपनी. लॅपटॉप बहुतांशी क्लेव्होचे, पण तिने ‘पॉप ओएस’ ही स्वतःची लिनक्स प्रणाली उभी केली आणि २०१९ पासून काही मॉडेलमध्ये कारखान्याचा बायोस काढून कोअरबूट हे खुले फर्मवेअर द्यायला सुरुवात केली. कीबोर्ड, बॅटरी आणि पंखे सांभाळणाऱ्या छोट्या नियंत्रकाचा कोडही तिने खुला केला. म्हणजे सांगाडा क्लेव्होचा असला तरी बटण दाबल्यावर जे पहिले जागे होते ते सिस्टिम७६ चे. टक्सेडोनेही पंखे व वीजवापर नियंत्रित करणारे आपले सॉफ्टवेअर लिहिले आहे. कीबोर्डवर ग्राहकाला हवी ती अक्षरे छापून देण्याचीही सोय तिच्याकडे आहे. शेंकरचा गेमिंग ब्रँड एक्सएमजी टाँगफांगकडून बायोसमध्ये बदल करून घेण्यासाठी ओळखला जातो. २०२२ मध्ये त्याने ‘ओएसिस’ नावाचे बाहेरून जोडायचे पाण्याचे शीतकरण यंत्र आणले. त्याच यंत्रणेवरचा लॅपटॉप अमेरिकेत इलुक्ट्रॉनिक्सने वेगळ्या नावाने विकला.

सगळ्यांनाच हे परवडत नाही. नवा साचा पाडायचा तर हजारो नगांची मागणी हातात हवी. वर्षाला काही हजार लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीला तयार सांगाडा घेण्यावाचून पर्याय नसतो. त्यामुळे ‘हे तर नुसते स्टिकर लावतात’ हा टोमणा अर्धाच खरा आहे.

किमतीत फायदा होतो का?

बहुतेक वेळा नाही. हा या लॅपटॉपबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज. मोठ्या ब्रँडची खरेदी लाखांच्या घरात असल्याने प्रोसेसर आणि पडदे त्यांना स्वस्त पडतात. सणासुदीच्या सवलतीत तेवढ्याच ताकदीचा लेनोव्हो किंवा असूस रिसेलरच्या यंत्रापेक्षा स्वस्त मिळतो आणि असे वारंवार घडते.

रिसेलरकडे पैसे जातात ते दुसऱ्या गोष्टींसाठी. नको ती सॉफ्टवेअर भरलेली नसतात. रॅम आणि एसएसडी नंतर बदलता येतात. लिनक्स आधीच तपासलेले असते. शिवाय तक्रार ऐकणारा माणूस तो लॅपटॉप जोडणाऱ्याच्या शेजारी बसलेला असू शकतो. ज्याला या चारही गोष्टींची गरज नाही त्याने सरळ मोठ्या ब्रँडकडे जावे.

पूर्वी आणखी एक आकर्षण होते. क्लेव्होच्या जाडजूड लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपचा प्रोसेसर बसायचा आणि ग्राफिक्स कार्डही काढून नवे घालता यायचे. वजन इतके की मांडीवर ठेवण्याचे धाडस कोणी करत नसे, पण यंत्र पाच-सात वर्षे चालवता येई. आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डलाच जोडलेल्या येतात. त्यामुळे हा फायदा रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड आणि बॅटरीपुरता उरला आहे.

दोन लॅपटॉप भावंडे आहेत हे ओळखायचे कसे?

लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरपर्यंत जुळली आणि पोर्टचा क्रम तोच असला तर संशयाला जागा आहे. लॅपटॉपच्या पोटावरील स्टिकरवर रिसेलरच्या नावाखाली कारखान्याचा मॉडेल क्रमांक बहुधा छापलेला असतो. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून बेसबोर्डची ओळ पाहिली तरी मूळ नाव कित्येकदा सापडते. काही रिसेलर हे नाव लपवतात, काही विचारल्यावर लगेच सांगतात. नोव्हाकस्टमने तर एका मॉडेलला क्लेव्होचाच ‘एनव्ही४१’ हा क्रमांक ठेवला. विचारल्यावर मूळ क्रमांक न सांगणाऱ्या विक्रेत्याबद्दल सावध राहिलेले बरे, कारण पुढे सुटे भाग शोधताना तोच क्रमांक लागतो.

पण सांगाडा एक म्हणजे लॅपटॉप एक, असेही गृहीत धरू नये. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप चिपला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा आहे. कागदावर नाव तेच, प्रत्यक्षात दोन टोकांच्या कामगिरीत जमीन-अस्मानाचा फरक. ही मर्यादा बायोसमध्ये ठरते आणि बायोस कोणता घ्यायचा हे रिसेलर ठरवतो. पडद्याचेही तसेच. एकाच सांगाड्यात फिकट रंगांचा स्वस्त पडदा आणि छायाचित्रकाराला चालेल असा पडदा, दोन्ही बसतात. तुलना करताना चिपच्या नावासोबत वॅटचा आकडा आणि पडद्याची रंगक्षमता लिहून मागितली पाहिजे.

बायोसचा मुद्दा इतका गंभीर का?

कारण एका कारखान्याची चूक दहा ब्रँडच्या ग्राहकांच्या माथी येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून चालणाऱ्या सर्ट समन्वय केंद्राने क्लेव्होच्या फर्मवेअरबाबत इशारा दिला. इंटेलच्या ‘बूट गार्ड’ या सुरक्षा यंत्रणेत वापरायच्या खासगी किल्ल्या क्लेव्होच्या एका फर्मवेअर पॅकेजमध्ये चुकून तशाच राहून गेल्या होत्या.

बूट गार्डचे काम साधे आहे. लॅपटॉप सुरू होताना पहिला कोड उत्पादकाच्या सहीचा आहे की नाही, ते ही यंत्रणा तपासते. सही करण्याची किल्लीच बाहेर पडली, तर लॅपटॉपच्या फर्मवेअरपर्यंत पोहोचलेला हल्लेखोर आपल्या कोडवर ‘अस्सल’ असा शिक्का मारू शकतो. असा कोड विंडोज पुन्हा टाकूनही जात नाही. या किल्लीची खूण चिपसेटमध्ये कारखान्यातच कायमची कोरली जाते, म्हणून विकलेल्या लॅपटॉपमध्ये नवी किल्ली बसवणे व्यवहारात शक्य नसते. घरगुती वापरकर्त्याला यातून उद्याच धोका आहे असे नाही, कारण त्यासाठी हल्लेखोराला आधी यंत्रात शिरावे लागते. पण क्लेव्होचे फर्मवेअर अनेक नावांच्या लॅपटॉपमध्ये असल्याने आपले यंत्र त्यात येते का, हे ग्राहकाला कळावे कसे? ते सांगण्याची जबाबदारी झाकणावर ज्याचे नाव आहे त्याची.

मोठे ब्रँडही यातून सुटलेले नाहीत. २०२३ मध्ये एमएसआयवर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर तिच्याही अशाच किल्ल्या बाहेर आल्या होत्या. मात्र मोठ्या कंपनीकडे सुरक्षेची सूचना काढणारा विभाग असतो. चार माणसांच्या रिसेलरकडे बऱ्याचदा तो नसतो. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या संकेतस्थळावरील डाउनलोडचे पान उघडावे. दोन-तीन वर्षे जुन्या मॉडेलसाठी बायोसच्या नव्या आवृत्त्या तारखेसह दिल्या आहेत का, हे तिथे दिसते. नव्या मॉडेलचे पान सगळ्यांचेच चकचकीत असते, खरे काय ते जुन्या मॉडेलचे पान सांगते.

ऑपरेटिंग सिस्टिम कोण टाकतो हेही महत्त्वाचे. २०२४ मध्ये एसमॅजिक या ब्रँडच्या काही मिनी पीसींमध्ये विंडोजसोबत घातक सॉफ्टवेअरही आधीच भरलेले आढळले आणि कंपनीला ते मान्य करावे लागले. अनोळखी नावाचे यंत्र घेतल्यास पहिल्याच दिवशी अधिकृत स्रोतावरून विंडोज किंवा लिनक्स नव्याने टाकणे हा एका संध्याकाळचा उद्योग आहे आणि तो करावाच.

रिसेलरनेच गाशा गुंडाळला तर?

२०१८ च्या अखेरीस वॉलमार्टने अमेरिकेत ‘ओव्हरपॉवर्ड’ या नावाने गेमिंग लॅपटॉप आणले. सांगाडा टाँगफांगचा. तोच सांगाडा इलुक्ट्रॉनिक्सही विकत होती. वॉलमार्टने पुढे किमती पाडून माल काढला आणि ते नाव बाजारातून गेले. स्वस्तात मोठे घबाड मिळाले म्हणून ग्राहक खूश होते, पण ड्रायव्हर आणि बायोससाठी त्यांना भावंड ब्रँडच्या दारात जावे लागले.

ही घटना दोन्ही बाजूंनी वाचता येते. ब्रँड बंद पडला तरी सांगाडा अनाथ होत नाही. बॅटरी, पंखा, कीबोर्ड भावंडांच्या विक्रेत्यांकडे मिळू शकतात. हा रिब्रँडेड लॅपटॉपचा खरा फायदा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. दुसरीकडे, भावंडाचा बायोस आपल्या लॅपटॉपमध्ये भरणे म्हणजे जुगार. मदरबोर्डमध्ये बारीक फरक असला तर यंत्र सुरूच होत नाही आणि वॉरंटी द्यायला कोणी उरलेले नसते.

वॉरंटी कोण देते, कारखाना की विक्रेता?

विक्रेता. क्लेव्होच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर मिळतात, पण बिघडलेला लॅपटॉप घेऊन ग्राहकाला रिसेलरकडेच जावे लागते. युरोपीय संघात विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर हमी बंधनकारक आहे. जर्मनीत २०२२ पासून पहिल्या वर्षभरात दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत सध्या भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, पण विक्रेत्याची स्वतःची ‘गारंटी’ आणि कायद्याने मिळणारी ही हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांतील अनेकांच्या गावीही नसते. विक्रेत्याने वॉरंटीचा कागद पुढे करून हात वर केले तरी दुसरा हक्क शिल्लक असतो.

अमेरिकेत अशी दोन वर्षांची सरसकट हमी नाही. मात्र १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे केवळ झाकण उघडले किंवा दुसऱ्या कंपनीची रॅम घातली म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. ‘स्टिकर फाटले तर वॉरंटी रद्द’ अशा अटींवरून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीदही दिली होती. एवढे असूनही एखादा रिसेलर आजही तसे स्टिकर लावत असेल, तर त्याच्या सेवेचा अंदाज खरेदीआधीच येतो. परत केलेल्या यंत्रावर कापली जाणारी रक्कम आणि दुरुस्तीला पाठवण्याचा खर्च कोणाचा, या दोन ओळी अटींमध्ये शोधून वाचाव्यात. जाण्याचा खर्च ग्राहकाचा आणि येण्याचा विक्रेत्याचा, अशी विभागणी अनेक ठिकाणी असते.

असा लॅपटॉप भारतात आणला तर?

आणण्यात अडचण नाही. १८ वर्षांवरील प्रवाशाला सामानातून एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप आयातीवर निर्बंध जाहीर केले, तेव्हाही ई-कॉमर्स, टपाल किंवा कुरिअरने मागवलेल्या एका यंत्राला परवान्यातून सूट देण्यात आली. सीमाशुल्क मात्र भरावे लागते.

खरी अडचण पुढे आहे. पुण्यात परतल्यावर जर्मन लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर तो ऑग्सबर्गला पाठवावा लागणार, येताना पुन्हा सीमाशुल्काची कागदपत्रे करावी लागणार. बॅटरी फुगली असेल तर तीही सोय नाही, कारण सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास मनाई आहे. वर्ष-दोन वर्षांत परतायचे असेल तर ज्याचे सेवा केंद्र भारतात आहे असा ब्रँड घेणेच शहाणपणाचे. शिवाय जर्मन कीबोर्डवर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांची अदलाबदल असते. ऑर्डर देताना इंग्रजी मांडणी निवडली नाही तर बोटांना रोज आठवण होत राहते.

भारतात असे लॅपटॉप मिळतात का?

मिळतात, फक्त त्या नावाने ओळखले जात नाहीत. गिगाबाइटची भारतात विकली जाणारी ‘जी५’ ही गेमिंग मालिका क्लेव्होच्या सांगाड्यावर आधारलेली आहे. त्याखाली, ई-कॉमर्सवर वीस-पंचवीस हजारांत अनोळखी नावांचे पातळ लॅपटॉप दिसतात. त्यातील अनेक जण एकाच साच्याचे असतात आणि रिसेलर म्हणावा असा माणूस त्यांच्यामागे बऱ्याचदा नसतोच, असतो तो केवळ आयातदार.

तिथे ग्राहकाच्या हातात एक चांगले साधन आहे. लॅपटॉपसाठी भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक यंत्रावर छापणे बंधनकारक आहे. ही नोंदणी कारखान्याच्या नावे होते. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की झाकणावरच्या नावामागचा उत्पादक समोर येतो. क्रमांक सापडलाच नाही किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर लॅपटॉप परतीच्या मुदतीत परत करावा.

आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश लिहिणेही सक्तीचे आहे. खोके फेकून देण्यापूर्वी त्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. तक्रारही ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या शहरात जावे लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे खरेदीचे बिल आणि आयातदाराचा तो पत्ता, दोन्ही उपयोगी पडतात.